रहीमसाब आणि माझ्या दादांचं हैदराबाद

दर वर्षी ११ जून जवळ आला की आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्ट फिरते. कृष्णधवल फोटो आणि खाली मजकूर, ‘भारतीय फुटबॉलला सुवर्णकाळ दाखवणारे सय्यद अब्दुल रहीम. यांना विसरू नका, पुढे पाठवा.’ २०२४च्या रमजान ईदला ‘मैदान’ सिनेमा आला, अजय देवगणनं रहीम यांची भूमिका केली आणि त्यानंतर ही पोस्ट जास्तच फिरू लागली. मीही ती पुढे पाठवलेली आहे. एकदा नव्हे, तीन-चारदा.

यंदा मात्र पाठवताना हात थांबला. कारण पोस्टमध्ये रहीम यांच्या खालोखाल परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद होते, त्याखाली डॉ. कलाम आणि शेवटी एक ओळ होती, ‘आणि तरीही आमच्याकडे पुरावा मागतात.’ मला दादांची आठवण झाली. दादा म्हणजे माझ्या अब्बांचे वडील. त्यांनी रहीमसाबांचा संघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, सलग पाच वर्षं. पण त्यांच्या तोंडून मी कधी ‘पुरावा’ हा शब्द ऐकला नाही. ते निराळ्याच गोष्टीसाठी रहीमसाबांची आठवण काढायचे. ती गोष्ट मला समजायला बराच उशीर झाला. आज तीच लिहितो आहे.

गेंद को घर नै ले जाना है

आमच्या गल्लीत आम्ही पोरं प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळायचो. एखादा पोरगा चेंडू पायात घोळवत तीन-चार जणांना चकवायला निघाला की ओट्यावर बसलेले दादा ओरडायचे, “अरे पास दे, पास! गेंद को घर नै ले जाना है!”

आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला खेळातलं काही कळत नाही. चकवण्यातच तर मजा असते. फार नंतर वाचताना कळलं, की ती ओरड दादांची नव्हती, रहीमसाबांच्या फुटबॉलची होती. हैदराबादेत रहीम अशा स्पर्धा भरवत ज्यात ड्रिबलिंग करायला बंदी असे. चेंडू आला की एका स्पर्शात पुढे द्यायचा. काही स्पर्धांमध्ये कमकुवत पायानंच खेळावं लागे, म्हणजे उजव्या पायाच्या पोरानं डाव्या पायानं. काही स्पर्धा उंचीची मर्यादा घालून होत, जेणेकरून बुटक्या पोरांना धिप्पाड पोरांनी ढकलून देऊ नये.

यामागे शाळामास्तरांचं डोकं होतं. रहीम खरोखरच शाळामास्तर होते. १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत जन्मलेल्या रहीम यांनी उस्मानिया विद्यापीठातून बी.ए. केलं. उर्दूतून उच्च शिक्षण देणारं हे निजामाच्या राज्यातलं विद्यापीठ. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी मुलं, हिंदू काय नि मुसलमान काय, तिथंच शिकायला जात. रहीम विद्यापीठाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या संघातून आणि सिटी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघातून खेळले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि हैदराबादच्या शाळांमधून शिकवलं. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मरेपर्यंत ते काम त्यांच्याकडेच राहिलं.

म्हणजे देशाचा प्रशिक्षक होण्याच्या आधी हा माणूस वर्गात फळ्यासमोर उभा राहिलेला होता. वर्गात एखादाच हुशार पोरगा सगळी उत्तरं देऊ लागला तर बाकीचा वर्ग झोपतो, हे प्रत्येक मास्तरला ठाऊक असतं. ड्रिबलिंगच्या बंदीत मला तेच दिसतं. अकराही जणांनी खेळावं, एवढाच तो हट्ट.

पोलिसांचा संघ

१९५० साली रहीम हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. हे साल लक्षात ठेवावं लागतं. कारण त्याच्या दोनच वर्षं आधी, सप्टेंबर १९४८मध्ये, ‘पोलिस ॲक्शन’ झाली होती.

मराठवाड्यातल्या वाचकांना हा इतिहास सांगायला नको, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. निजामानं भारतात यायला नकार दिला. लातूरच्या कासिम रझवीच्या रझाकारांनी राज्यात दहशत घातली, गावं लुटली, माणसं मारली. १३ सप्टेंबरला भारतीय लष्कर आत शिरलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. राज्य मुक्त झालं. पण पाठोपाठ जे घडलं ते गावोगावच्या मुसलमान वस्त्यांनी भोगलं. त्यातल्या बहुतेकांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता. केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठी पाठवलं. त्यांच्या अहवालानं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांमध्ये उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदरसोबत आमचं नांदेडही होतं. तो अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही.

दादा त्या महिन्याबद्दल कधीच बोलले नाहीत. त्यांचे मोठे भाऊ त्या सप्टेंबरनंतर घरी आले नाहीत, एवढंच आम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी दादांनी गाव सोडलं आणि मुंबई गाठली. मदनपुऱ्यात एका ओळखीच्याकडे राहायला लागले, गिरणीत कामाला लागले. तेव्हा ते २३ वर्षांचे होते.

अब्बा सांगतात, मुंबईत कुणी विचारलं “कुठले?” तर दादा ‘नांदेड’ म्हणत, ‘हैदराबाद’ म्हणत नसत. वास्तविक त्या वेळी नांदेड हैदराबाद राज्यातच होतं. पण ‘हैदराबाद’ म्हटलं की समोरचा माणूस नजर रोखून बघायचा आणि पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, रझाकारात होतास का? त्यामुळे तो शब्द त्यांनी गिळून टाकला होता.

अशा वेळी १९५०च्या रोव्हर्स कपसाठी हैदराबादचा पोलिस संघ मुंबईला आला.

कूपरेज

आजच्या पोरांना रोव्हर्स कप माहीत नसेल. १८९१ साली इंग्रजांनी मुंबईत सुरू केलेली ही देशातल्या जुन्या फुटबॉल स्पर्धांपैकी एक. कितीतरी वर्षं गोऱ्या पलटणीच जिंकायच्या. १९३७ साली पहिल्यांदा भारतीय संघानं कप उचलला, तो संघ होता बँगलोर मुस्लिम्स. १९४०मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनं जिंकला. म्हणजे मदनपुरा, नागपाडा, भेंडीबाजार इथल्या लोकांना कूपरेजची वाट आधीपासून ओळखीची होती. धोबी तलावच्या कुडींमध्ये राहणारे गोवेकरही तिथं गर्दी करायचे.

पण हा नवा संघ जमातीच्या नावाचा नव्हता, सरकारी खात्याचा होता. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, मोइनुद्दीन अशी नावं आणि अंगात पोलिस संघाची जर्सी. दादा सांगायचे, पहिल्या दिवशी ते गेले तेव्हा मनात नुसतं कुतूहल होतं. सामना रंगला, आजूबाजूचे लोक “हैदराबाद! हैदराबाद!” ओरडायला लागले. शेजारी एक गोवेकर होता, तोही ओरडत होता. मग दादाही ओरडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द मोठ्यानं उच्चारला.

“पोलिस का नाम सुनके पहली बार खुशी हुई,” असं ते म्हणायचे आणि हसायचे. लहानपणी आम्ही त्यांच्याबरोबर हसायचो. त्या वाक्यात काय दडलेलं आहे, ते आम्हाला कळत नव्हतं.

हैदराबाद पोलिसांनी त्या वर्षी कप जिंकला. पुढच्या वर्षीही. १९५० ते १९५४, सलग पाच वेळा. दादा पाचही वर्षं कूपरेजवर होते. शिफ्ट बदलून घेऊन, पगार कापला गेला तरी. त्याच काळात हा संघ दिल्लीत ड्युरँड कपही जिंकत होता, १९५०मध्ये आणि १९५४मध्ये. कलकत्त्याच्या मोठमोठ्या क्लबांना या पोलिसांचा धाक वाटू लागला.

दादांनी रहीमसाबांना जवळून पाहिलं ते एकदाच, मैदानाच्या कडेला. नंतर एवढंच सांगायचे, “ओरडत नव्हते. बघत होते. मास्तर पेपर तपासतात तसे.”

अनवाणी पाय आणि दहा गोल

इकडे देशाच्या संघाची जबाबदारीही रहीम यांच्याकडे आली होती. १९५१च्या मार्चमध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यात साहू मेवालालच्या गोलवर भारतानं इराणला १-० हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं. पोलिस ॲक्शनला अजून तीन वर्षंही झाली नव्हती आणि देशाच्या सुवर्णविजेत्या संघाला हैदराबादचा एक मुसलमान शाळामास्तर घडवत होता. त्यावर कुणी भाषण दिलं नाही, पोस्ट फिरवली नाही. तो संघाला शिकवत होता, एवढंच.

पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं भारताला १०-१ असं धुतलं. थंडी होती, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. या पराभवानंतर फुटबॉल संघटनेनं बूट सक्तीचे केले. अनवाणी खेळण्याचं आपल्याकडे भारी कौतुक आहे. मला विचाराल तर त्या कौतुकापेक्षा त्या पराभवातून घेतलेला धडा मोठा आहे. रहीम यांनी हरण्याचं खापर हवामानावर फोडून विषय संपवला नाही. हंगेरीचा संघ तेव्हा युरोप गाजवत होता. त्यांचा सेंटर फॉरवर्ड नेहमीच्या जागी उभा न राहता मागे सरकून खेळायचा आणि विरोधी बचावफळीची फसगत व्हायची. रहीम यांनी ते समजून घेतलं आणि आपल्या पोरांना शिकवलं.

त्याचं फळ १९५६मध्ये दिसलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. तेलंगण आंध्र प्रदेशात गेला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एक महिन्यानं, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. नेव्हिलनं आधी गोल करून आघाडीही मिळवून दिली, पण शेवटी ४-१ अशी हार झाली. भारत चौथा आला. चार वर्षांत १०-१ वरून इथपर्यंत.

त्या संघात अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन असे हैदराबादचे खेळाडू होते आणि सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुळसीदास बलराम होता. बलराम गरीब घरचा. रहीमसाबांनी त्याचा खेळ पाहून निवड चाचणीला बोलावलं, तर रोज शहरात यायला पैसे नाहीत म्हणाला. रहीमसाबांनी त्याला भाड्याच्या सायकलीसाठी पैसे दिले. देशातल्या सर्वोत्तम फॉरवर्डपैकी एक असा घडला.

दादांची मात्र त्या काळात पंचाईत झाली होती. संतोष ट्रॉफीच्या लागोपाठ दोन अंतिम सामन्यांत हैदराबादनं मुंबईला हरवलं. राज्य तर संपलं होतं, पण फुटबॉलमध्ये ‘हैदराबाद’ अजून जिवंत होतं. कागदावर दादा आता मुंबई राज्याचे झाले होते. गिरणीतल्या दोस्तांनी विचारलं, “आता सांग, तू कुणाचा?” दादा म्हणाले, “जो पास देगा उसका.”

जकार्ता

१९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतानं फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, हंगेरीकडून २-१ असा निसटता पराभव झाला. रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम त्या संघात होता. त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. बाप प्रशिक्षक असूनही. यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

आणि मग १९६२, जकार्ता. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नाही. त्यावर भारताचे क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली, या खेळांना ‘आशियाई’ म्हणू नये असं सुचवलं. लोक भडकले. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. भारतीय खेळाडू मैदानात उतरले की हुर्यो उडू लागली.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं २-० हरवलं. मग थायलंड आणि जपानला हरवून संघ उपांत्य फेरीत आला, दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं हरवलं. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्याला मागून काढलं आणि चक्क पुढे, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभं केलं. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा कोरिया. सुमारे लाखभर लोक विरोधात ओरडत होते. पाकिस्तानचा हॉकी संघ, ज्यानं आपल्याला हॉकीच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं, तो मात्र स्टँडमध्ये बसून भारताच्या बाजूनं ओरडत होता. पी. के. बॅनर्जीनं पहिला गोल केला, तीन-चार मिनिटांत जर्नेलसिंगनं दुसरा. भारत २-१ जिंकला.

त्या संघाची नावं वाचा. कर्णधार चुनी गोस्वामी, गोलरक्षक पीटर थंगराज, जर्नेलसिंग, अरुण घोष, राम बहादूर, युसुफ खान, बलराम. गोव्यातल्या कोलवाळमध्ये जन्मलेला आणि मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनातो फ्रँको. मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळणारा केरळचा चंद्रशेखरन. त्यांना एकत्र बांधायला रहीमसाबांनी एकात्मतेवर व्याख्यान दिलं नसावं. चेंडू एका स्पर्शात पुढे द्यायचा असेल तर शेजारच्यावर भरवसा ठेवावाच लागतो.

नऊ महिन्यांनी रहीम गेले. शेवटचे काही महिने कॅन्सरनं अंथरुणाला खिळले होते. भारतीय फुटबॉल त्यांच्यासोबतच कबरीत गेलं, अशा अर्थाचं फ्रँको म्हणत असत. आकडेही तेच सांगतात. १९६०नंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये दिसला नाही. १९६२नंतर आशियाई खेळांत सुवर्ण नाही, १९७०चं कांस्य हे शेवटचं पदक. रोव्हर्स कपही २०००-०१नंतर बंद पडला.

आठवण कशासाठी?

दादा १९९७ साली गेले. २०२०मध्ये पी. के. आणि चुनी गेले. २०२१मध्ये फ्रँको, चंद्रशेखरन आणि शाहिद हकीम. बलराम २०२३मध्ये. सिनेमा येईपर्यंत ज्यांना रहीमसाब आठवत होते त्यातले बहुतेक जण उरले नव्हते. रहीम यांच्या नावापुढे पद्म पुरस्कार नाही, द्रोणाचार्य नाही. याची खंत मलाही आहे. पण दादांनी ती कधी बोलून दाखवली नाही.

आपण रहीमसाबांची आठवण वकिलासारखी काढतो. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून, बघा, आमच्यातही असे होऊन गेले. आरोप करणाऱ्यानं आपल्याला ही सवय लावली, हे खरं आहे. ज्या जमातीकडे रोज दाखला मागितला जातो ती खिशात दाखले ठेवूनच घराबाहेर पडते. मी त्या पोस्ट पाठवणाऱ्या चुलत भावंडांना दोष देत नाही. पण दाखला झालेल्या माणसाचा फक्त फोटो आणि नाव उरतं. तो काय शिकवत होता, कसा शिकवत होता, हे कुणी विचारत नाही. आमच्या ग्रुपवर ती पोस्ट टाकणाऱ्या एकालाही ड्रिबलिंगबंदीच्या स्पर्धा माहीत नव्हत्या. मलाही नव्हत्या.

दादांसाठी रहीमसाब दाखला नव्हते. ज्या शब्दानं त्यांना दोन वर्षं मान खाली घालायला लावली होती तो शब्द त्यांना कूपरेजवर परत मिळाला. आणि तोही कुणाला उत्तर म्हणून नाही, एका अनोळखी गोवेकराच्या खांद्याला खांदा लावून, चांगल्या खेळाच्या आनंदात. पुढे मदनपुऱ्यातही ते ‘हम हैदराबादवाले’ म्हणू लागले, असं अब्बा सांगतात.

यंदा मी ती पोस्ट पुढे पाठवली नाही. त्याऐवजी ११ जूनला आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत गेलो. मी तिथं शिकवत नाही, पण हेडमास्तर ओळखीचे आहेत. शाळेला मैदान म्हणून जेवढी जागा आहे तिच्या निम्म्या भागात मोटारसायकली उभ्या असतात. हेडमास्तरांना म्हटलं, रविवारी सकाळी गाड्या हलवता येतील का? पोरांची एक स्पर्धा घ्यायची आहे. ड्रिबलिंग बंद, एका स्पर्शात पास.

“आणि मोठी पोरं लहानांना ढकलतील त्याचं काय?” त्यांनी विचारलं.

म्हटलं, त्याचीही तरतूद आहे सर. उंचीची मर्यादा घालू.

पहिल्या रविवारी चौदा पोरं आली. त्यातला एक लांबट पोरगा चेंडू घेऊन एकटाच सुसाट निघाला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “अरे पास दे, गेंद को घर नै ले जाना है!” पोरं हसली. त्यांना वाटलं असेल, या माणसाला खेळातलं काही कळत नाही.